काटक माणसांची शुगर

गेल्या वर्षी साताऱ्यात आमच्या शाळेत शिक्षकांची आरोग्य तपासणी झाली आणि माझी उपाशीपोटीची शुगर वाढलेली निघाली. वय एकेचाळीस, वजन जेमतेम पन्नास किलो. मला वाटलं, रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. पुन्हा तपासलं, तीन महिन्यांची सरासरीही काढली. शुगरच होती.

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहिण्याआधी एक कोरा कागद पुढे ओढला. घरात कुणाला आहे, कितव्या वर्षी निघाली, बाळंतपणात तुमची वाढली होती का, असं एकेक विचारत गेल्या. धाकटीच्या वेळी वाढली होती. नंतर उतरली, म्हणून मी विसरूनही गेले होते. वडिलांना होती हे सांगताना माझा आवाज उगाच खाली आला. आमच्या घरात त्याबद्दल खालच्या आवाजातच बोलायची रीत होती.

आप्पा फौजेत सुभेदार होते. अंगावर मांस असं नव्हतंच, नुसत्या शिरा. सुट्टीवर पलूसला आले की पहाटे कालव्याच्या कडेनं दोन गावं पळून यायचे आणि मग उसाला पाणी धरायचे. चाळिशीच्या आतच पलटणीच्या तपासणीत त्यांना शुगर निघाली आणि उंच डोंगरातल्या नेमणुका बंद झाल्या. गावात लोक म्हणाले, शुगर होते ती बसून खाणाऱ्यांना; हा एवढा काटक गडी, म्हणजे कँटीनच्या बाटलीचाच प्रताप. आप्पा चहापलीकडे काही घेत नसत, पण कुणाकुणाला सांगणार?

त्या काळी आमच्या रानात गुऱ्हाळ चालायचं. काहिलीतली गरम काकवी आम्ही पोरं उसाच्या पानावर घेऊन चाटायचो. जिभा भाजायच्या, तरी थांबायचो नाही. आप्पा लांब बांधावर, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहायचे. जवळ या म्हटलं तर हसून म्हणायचे, "हितनं बी झ्याक वास येतुया." आजही कुठं गूळ शिजत असला की मला गुऱ्हाळाआधी तो बांध दिसतो.

त्यांना सगळ्यात जास्त बोलायची ती आत्ती, त्यांची थोरली बहीण, कोरेगावात दिलेली. दिवाळीला आली की तिचं लक्ष भावाच्या ताटावर. जिभेवर ताबा नाही म्हणून रोग ओढवून घेतलास, हे तिचं ठरलेलं वाक्य. आप्पा कधी उलटून बोलले नाहीत. मला वाटतं, शेवटी त्यांनाही ते खरंच वाटू लागलं होतं. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. आपल्याकडची माणसं दिसायला सडपातळ असली तरी हातापायांत स्नायू कमी आणि चरबी आत पोटात, असं बऱ्याचदा असतं. त्यामुळे थोड्या वजनावर आणि लवकरच्या वयात आपल्याला शुगर होते. त्यात घराण्याचाही वाटा असतो. एकच एक जनुक नाही, बारीकसारीक पुष्कळ, आणि ती पिढीतून पिढीत उतरतात. पण उतरली म्हणजे शुगर होईलच असं नाही. चालणं, खाणं, वेळेवर तपासणी यांनी फरक पडतो. कागदावर आजोबांची जागा मोकळी होती. त्यांचं विचारून या म्हणाल्या.

आजोबांना मी पाहिलेलं नव्हतं. म्हणून पुढच्या रविवारी कोरेगावला गेले. आत्ती आता अठ्ठ्याहत्तरची. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी आजोबांचं विचारलं, तेव्हा तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. आजोबा पन्नाशीच्या आतच गेले. सारखी तहान लागायची, तांब्या हातातून सुटायचा नाही. अंग वाळत गेलं. पायात बाभळीचा काटा मोडला, ती जखम वर्षभर भरली नाही. लोक करणी म्हणाले, देवऋषी झाला. रक्त कुणी तपासलंच नाही.

मी म्हणाले, "आत्ती, ती शुगरच असणार. आप्पांना त्यांच्याकडूनच आली. मला आप्पांकडून."

 तिनं विचारलं, "म्हंजी त्यानं खाल्लं म्हणून न्हाई झालं?"

खाण्यानं वाढते, पण मूळ आधीपासून रक्तात होतं, असं मी सांगितलं.

"म्या त्याच्या ताटातली पुरनाची पोळी काडून घेतली हुती गं," ती म्हणाली. "समद्यांम्होरं. त्यो तसाच उठला, हात धुतला. आन् मला गाडीत बसवाया ष्ट्यांडवर बी आला."

ती रडली. मीही रडले. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझीही तपासणी कर म्हणाली. दुसऱ्या दिवशी केली. तिची शुगर अगदी व्यवस्थित निघाली. एकाच आईबापाची लेकरं, पण वारसा सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे मी सांगितलं. तिला त्याचं बरं वाटलं नाही. "त्येला दिली, मला का न्हाई?" एवढंच म्हणाली.

यंदा आप्पांच्या श्राद्धाला सगळी भावकी पलूसला जमली. पानं वाढून झाल्यावर आत्ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या भावाचा काय बी गुना नव्हता. मीच चुकले. आता समद्यांनी रगत तपासून घ्या."

 त्या महिन्यात घरातल्या नऊ जणांनी तपासणी केली. माझ्या तिशीतल्या चुलतभावाची, काठीसारख्या माणसाची, शुगर काठावर निघाली. त्यानं चहातली साखर सोडलीय. उसाचा रस अजून सुटत नाही, म्हणतो.