ताफ्यातून सुटलेले मोदक

माझी नात इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या शाळेत आठवीत आहे. तिच्या वर्गातून एकच भाषण शाळेच्या मोठ्या सभेत जाणार होतं, आणि ते आपलंच असावं म्हणून ती आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

विषय होता सतराव्या शतकातल्या इंग्रजांच्या व्यापारी जहाजांचा. ही जहाजं एकटी जात नसत. त्यांचा ताफा निघायचा आणि सोबत आरमाराची लढाऊ जहाजं असायची. तरी फ्रेंच लुटारू त्यातली काही उचलून न्यायचे. हे लुटारू साधे चोर नव्हते. त्यांच्याजवळ त्यांच्या राजाचा लेखी परवाना असायचा, की शत्रूची जहाजं खुशाल धरा. मला तो राजा आवडला. चोरी करायची, तीही शिक्का मारून.

नातीने लिहिलं होतं की आरमार कमकुवत होतं. टीचरने कागद परत दिला आणि विचारलं, पहारा होता, जवळ होता, तोफाही होत्या, मग जहाजं गेली कशी? उत्तर सोमवारी द्यायचं. नाही जमलं तर दुसऱ्या मुलीचं भाषण जाणार.

"डेटा टाक, चार्ट टाक," माझा मुलगा म्हणाला. तो कॉम्प्युटरवाला आहे, त्याला सगळ्यावर हेच औषध माहीत. तिने चार्ट टाकले. कागद रंगीत झाला, उत्तर आलं नाही. मला कोणी विचारलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि समुद्र पाहिला तो विमानातून.

शनिवारी मंडळाचा गणपती होता. इथे मंडळं दोन आहेत. आधी एकच होतं, पण नाटकाच्या तालमीत कोणी कोणाला बसायला खुर्ची दिली नाही, तेव्हापासून दोन झाली. आमच्या मंडळाची रीत अशी, की सगळ्या गाड्यांनी रांगेत हॉलवर जायचं. पुढे अध्यक्षांची नवी गाडी, तिच्यात मूर्ती. मध्ये तीन गाड्या, त्यांतली शेवटची आमची. शेवटी अध्यक्षांचा मेहुणा, कोणी मागे राहू नये म्हणून. मोदक आमच्या गाडीत होते. सून गाडी चालवत होती, नात मागे बसली होती आणि मी ट्रे सांभाळत होते.

त्या सकाळीच माझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. आम्ही रोज तळ्याकाठी चालायला जातो, पण ती त्या दुसऱ्या मंडळाची. त्यांची उकड बिघडली होती. मोदक वाफेत फुटले, सारण भांड्यात.

"आमचे अध्यक्ष म्हणाले, कुठूनही आणा, पण नैवेद्याला मोदक हवेत," ती म्हणाली. "आता मी काय करू गं?"

मी तिला हॉलच्या वाटेवरच्या गॅस स्टेशनचं, म्हणजे पेट्रोल पंपाचं, नाव सांगितलं आणि म्हटलं, मागच्या बाजूला उभी राहा.

गाड्या निघाल्या. अध्यक्ष पुढे सुसाट. सून मोदकांना धक्का लागू नये म्हणून हळू. एका सिग्नलला पुढच्या तिन्ही गाड्या निघून गेल्या, आम्ही लाल दिव्यावर अडकलो. मेहुणा आमच्या मागे होताच.

"मला बाथरूमला जायचंय," मी म्हटलं.

"आई, दहा मिनिटांवर हॉल आहे."

"तुझ्या सीटची काळजी असेल तर थांब."

सून थांबली. मेहुणा आमच्या शेजारून पुढे निघून गेला. अध्यक्षांनी त्याला फोन करून विचारलं होतं, मूर्तीवरचा कपडा कोणाकडे आहे, आणि तो त्यांच्याशी बोलत होता. त्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मैत्रीण मागच्या बाजूला डिकी उघडून उभी होती. सून आत कॉफी घ्यायला गेली, तेवढ्यात मी दोन ट्रे उचलून दिले. नातीने ते पाहिलं.

"आजी, दॅट्स आवर्स."

"तिला तिच्या अध्यक्षांची परवानगी आहे."

"पण आपल्या अध्यक्षांची नाही."

"त्यांना विचारायला ते जवळ हवेत ना."

मैत्रिणीने डिकी लावली आणि गेली. आभार मानायला थांबली नाही, हे बरं केलं. नात गाडीत बसून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ही आता आईला सांगणार. सून अजून आत कॉफीच्या रांगेत होती. पण नात पुढे वाकून म्हणाली, "तो लास्ट कारवाला काका थांबला का नाही?"

"त्याला अध्यक्षांचा मान राखायचा होता. मोदक कोणाला राखायचे होते?"

"आणि तू?"

"माझी मैत्रीण अडचणीत होती."

एवढंच बोलणं झालं. तिला काही शिकवावं असं माझ्या मनात नव्हतं. मला दोन ट्रे द्यायचे होते, ते दिले. हॉलवर अध्यक्ष म्हणाले, "मावशी, यंदा मोदक कमी दिसतात." मी म्हटलं, उकड बिघडली. प्रत्येकाला दोनऐवजी एक मिळाला आणि कोणी मेलं नाही.

रविवारी नात आईला घेऊन लायब्ररीत गेली. तिथल्या जाड पुस्तकात तिला सापडलं, की पहाऱ्यावरची जहाजं पुष्कळदा ताफ्याच्या प्रमुखाच्या जहाजाकडे बघत पुढे निघून जात, आणि हळू चालणारी मागे पडत. काही कप्तान तर मुद्दाम ताफा सोडत, बाजारात सगळ्यांच्या आधी पोचायला. म्हणजे आरमार कमकुवत नव्हतंच. ज्याला त्याला आपापलं काम होतं. तिने हे सगळं नीट पुस्तकाचं पान सांगून लिहिलं.

सोमवारी तिचं भाषण निवडलं गेलं. टीचरने तिला विचारलं, हे तुला कसं सुचलं? ती म्हणाली, फॅमिली रिसर्च.

आता अडचण अशी, की अध्यक्षांच्या कानावर भाषणाची गोष्ट गेली. आपल्या मंडळाची मुलगी म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमात शाल, नारळ आणि तेच भाषण मराठीतून, असं त्यांनी ठरवलं आहे. पहिल्या रांगेत ते आणि मेहुणा बसणार.

"जहाजांपुरतं बोल," मी नातीला सांगितलं.

"उदाहरण दिलं की लोकांना कळतं, असं टीचर म्हणाली," ती म्हणाली आणि मला चित्र दाखवलं. रांगेत पाच गाड्या काढल्या आहेत, चौथी गॅस स्टेशनकडे वळलेली. शेवटच्या गाडीला तिने लाल रंग दिला आहे. मेहुण्याची गाडी लालच आहे.