लताबाईची तिथी

मालनबाई नाशिकच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा केर काढीत, आणि बुधवारी संध्याकाळी भरणाऱ्या चर्चा मंडळाला चहा देत. चहा देता देता सात वर्षे त्यांनी आपल्या धाकट्या बहिणीच्या खुनाची चर्चा ऐकली. मंडळात लताबाईला नाव नव्हते. ती ‘पाचवी’ होती.

१९७१ ते १९७४ या काळात मनमाड आणि सटाणा यांच्या दरम्यान रस्त्याकडेच्या विहिरींत पाच बायकांची प्रेते सापडली. आरोपी सापडला नाही. एका साप्ताहिकाने ‘अमावास्येचा खुनी’ हे नाव काढले आणि पुढे ते नावच पुरावा म्हणून वापरले जाऊ लागले. निवृत्त मुख्याध्यापक शरच्चंद्र गर्गे यांनी त्यावर ‘पाच विहिरी’ ही पुस्तिका लिहिली. मी त्या वाचनालयाचा कारकून; पाचही तारखा पंचांगाशी ताडून पाहिल्या. अमावास्या दोनदाच होती. एक तारीख पौर्णिमेची निघाली; त्या रात्री ग्रहण असल्याने अंधार होता, असा खुलासा गर्गे सरांनी करून ठेवला होता. ग्रहण नव्हते, हेही त्याच पंचांगात होते.

मंडळाला अशा तपशिलांची बाधा होत नसे. दुसरीला यादीतून वगळावे, कारण ती वयस्क होती आणि खुन्याची आवड तशी नव्हती, असे एका वकिलांचे मत होते. मनमाडच्या एका निवृत्त गार्डांना रुळांजवळ सापडलेली सहावी हवी होती. मेलेल्या बायकांच्या नेमणुका आणि बदल्या दर बुधवारी निघत. पाचवीच्या जागेबद्दल मात्र कुणाचे दुमत नव्हते. तिचा नवरा पुंजाराम याने फिर्यादीत म्हटले होते की, कार्तिक अमावास्येला ती तिन्हीसांजेची पाण्याला गेली ती परत आली नाही. दोन दिवसांनी प्रेत मिळाले.

मालनबाईंचे म्हणणे वेगळे होते. अमावास्येच्या चार दिवस आधीपासूनच पुंजाराम शेजारणींना ‘माहेरी गेली’ असे सांगत होता, आणि लता माहेरी आलीच नव्हती. हे त्यांनी तेव्हाच फौजदारांना सांगितले. बायकांना दिवसांचा घोळ होतो, असे त्यांना ऐकवण्यात आले. पुढे पुस्तिका निघाल्यावर तर उत्तर तयारच असे: हे प्रकरण त्या पाचांतले आहे. बहीण त्या यादीत आहे तोवर मेव्हण्याला कोणी एक प्रश्नही विचारणार नाही, हे मालनबाईंना मंडळातल्या सर्व पदवीधरांच्या आधी कळले होते.

१९८४ च्या उन्हाळ्यात त्यांची आई गेली. भाऊ अस्थी घेऊन आला, तेव्हा त्या त्याच्याबरोबर रामकुंडावर गेल्या. सटाण्याकडच्या, बागलाणातल्या गावांच्या वह्या ढुंढिराज गुरुजींच्या घराण्याकडे आहेत. कोण आले, कोणाच्या क्रियेसाठी आले, कोणत्या तिथीला, हे सारे त्यांत सहीनिशी लिहिलेले असते. गावाचे नाव आणि आडनाव ऐकताच गुरुजी कौतुकाने म्हणाले, तुमचे जावई माणूस नेमाचा, बायकोच्या श्राद्धाला दरवर्षी इथवर येतो, कार्तिक वद्य दशमी कधी चुकवत नाही.

श्राद्ध मृत्यूच्या तिथीला होते. पुंजारामने पोलिसांना अमावास्या सांगितली होती.

मी ती वही पाहिली. १९७५ ते १९८३, नऊ नोंदी, नऊ सह्या. अधिक मासाच्या वर्षी इंग्रजी तारीख पुढे सरकली होती, तिथी नाही.

मालनबाईंनी नोंदींची नक्कल मंडळापुढे ठेवली आणि बहिणीला यादीतून काढा, एवढेच मागितले. गर्गे सरांनी चष्मा बदलून नक्कल दोनदा वाचली. मग ते प्रसन्न झाले. खुनी अमावास्येला बांधलेला नव्हता, हे आता सिद्ध झाले, असे त्यांनी जाहीर केले; म्हणजे दशमीपासून पुढच्या साऱ्या तिथी खुल्या झाल्या, आणि आजवर बाजूला ठेवलेल्या आणखी तिघी यादीत येऊ शकत होत्या. ठराव एकमताने झाला. त्यात मालनबाईंच्या सहकार्याबद्दल आभारही होते.

“पर सर,” मालनबाई म्हणाल्या, “ती दशमीला मेली हे पुंजारामला कुनी सांगितलं?”

वकील खिडकीबाहेर पाहू लागले.

“मालनबाई, तो प्रश्न आपल्या कक्षेबाहेरचा आहे,” गर्गे सर म्हणाले.

दिवाळीआधी सुधारित आवृत्ती निघाली: ‘आठ विहिरी’. तिच्यात पतीच्या निष्ठेचा दाखला म्हणून दशमी छापली होती. ते सटाण्यापर्यंत पोचले, आणि त्या वर्षी पुंजाराम श्राद्धाला नव्हे, तिथी बदलून घ्यायला नाशिकला आला. वहीत अमावास्या करा, म्हणाला.

“ती काय ग्रामपंचायतीची सभा आहे, पुढे ढकलायला?” गुरुजींनी विचारले आणि वही मिटली.

हे कळताच मालनबाई गुरुजींना आणि वहीला एसटीत बसवून सटाण्याला गेल्या. नव्या फौजदारांनी पुस्तिका वाचलेली नव्हती, हे तपासाचे भाग्य. त्यांनी पुंजारामला बोलावून एकच गोष्ट विचारली: दशमी का?

“चुकीच्या दिवशी पान वाढलं असतं,” तो म्हणाला, “तर ती घरी आली असती.”

पोलिसांपुढचे हे वाक्य न्यायालयात चालले नाही. वही, गुरुजींची साक्ष आणि इतक्या वर्षांनी प्रथमच विचारलेल्या दोन शेजारणी चालल्या. १९८६ मध्ये पुंजारामला जन्मठेप झाली.

निकालाची प्रत घेऊन मालनबाई पुन्हा मंडळापुढे उभ्या राहिल्या. न्यायालयाचा निकाल म्हणजे इतिहास नव्हे, असे गर्गे सरांनी त्यांना समजावले. शिवाय ‘सात विहिरी’ केल्यास वाचकांचा गोंधळ उडेल.

दुसऱ्या दिवशी मालनबाईंनी माझ्याकडून डिंकाची बाटली मागून नेली. वाचनालयातल्या पुस्तिकेत ज्या पानावर ‘पाचवी’ होती, त्यावर त्यांनी निकालाचे पहिले पान चिकटवले आणि तळहाताने सुरकुत्या काढल्या. गर्गे सरांनी ग्रंथ विद्रूप केल्याची लेखी तक्रार दिली. ग्रंथपालांनी मालनबाईंना बोलावून विचारले की, हे तुम्ही केले काय.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “आनखी दोन प्रती वरच्या कपाटात हायेत. त्याबी द्या. डिंक उरलाय.”