डोंगरासाठी आणलेला सदरा

“बाबा, तो सदरा काढा. डॉक्टर नाही म्हणालेत,” मिलिंद यांना म्हणाला. हे मात्र सदऱ्याच्या नाड्या बांधत राहिले.

आम्ही दोघं मिलिंदकडे, आमच्या मुलाकडे, जपानात होतो. रविवारी सगळ्यांनी तिथला देवाचा डोंगर चढायचं ठरत होतं. तिथले भाविक प्रेताला घालतात तसे पांढरे कपडे घालून चढतात; यांचा सदरा त्यातलाच. वर जाऊन मरायचं आणि नवा जन्म घेऊन उतरायचं, अशी त्यांची समजूत.

“वर काही झालं तर?” सुनेने विचारलं.

“तर कपडे बदलायचा खटाटोप वाचेल,” हे म्हणाले.

कोणी हसलं नाही. मिलिंदने नकाशाची घडी घातली. मला वाटलं, धडधाकट माणसाला मरणाचं सोंग शोभतं, कारण संध्याकाळी तो ते उतरवून जेवायला बसतो. आजाऱ्याने तेच कपडे घातले की घरच्यांना त्याच्याकडे बघवत नाही.

“काढा आता. भुतासारखे दिसताय,” मी म्हणाले. तेव्हा यांनी काढला.

त्याच आठवड्यात हे दवाखान्यात वारले. पुढच्या उन्हाळ्यात मुलगा आणि सून डोंगर चढून सुखरूप उतरले. मीही अजून आहे.