पाढ्याला एक आणा

लालासाहेब लढाईवरून परतला तो एक पाय ओढत. म्हसवडजवळच्या त्याच्या गावात सगळे त्याला हवालदार म्हणत, पण तो शिपाई म्हणूनच घरी आला होता. हिशेब येत नाही म्हणून पलटणीत त्याची बढती हुकली होती. बायको मागंच वारली होती. गावची पोरं शाळा सोडून मेंढरांमागं जाताना दिसली की त्याचा जीव तुटायचा. पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात त्यानं देवळासमोर सांगून टाकलं, "जे पोर न चुकता पाढा म्हणंल, त्याला माझ्याकडनं एक आणा."

पोरं आली. सगळ्यांत तल्लख निघाली धुळा धनगराची अंजना. नवा पाढा घडाघडा म्हणायची नि आणा मुठीत दाबून पळायची. ती ओसरीवर आली की लालासाहेबाला घर भरल्यासारखं वाटे.

सतराच्या पाढ्याला ती अडली. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली.

"आसू दे, पुढल्या खेपंला म्हण."

ती जागची हलेना. "आणा द्या की. न्हाईतर बा मारतोय."

तिच्या कानामागं सूज होती, वर रक्त सुकलेलं. लालासाहेब तसाच धुळाच्या मेंढरांच्या वाड्यावर गेला.

"पोरीला मारतोस व्हय रं?"

धुळा लोकर विंचरत होता. मान वर न करता म्हणाला, "आवं, निम्मी मेंढरं मेली. तिच्या आण्यावर चूल पेटती. पाढा आला न्हाई तर खायाचं काय?"

लालासाहेब माघारी फिरला. घरी येऊन त्यानं बक्षीस बंद केलं. आता मार तरी थांबेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मार थांबला. पण ओसरीवर एकही पोर फिरकेना, आणि धुळानं अंजनाला शाळेतनं काढून दाण्यांच्या बोलीवर दुसऱ्याच्या मेंढरांमागं लावलं.

दिवाळीच्या सुमारास ती त्याला माळावर दिसली. त्यानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. शेण वेचणारी तिची आई हरणाबाई म्हणाली, "त्या अंगानं बोलू नगासा. तो कान गेला तिचा."

वळसा घालून तो तिच्यासमोर आला, खिशातला आणा काढून पुढं धरला. अंजनानं हात मागं घेतले.

"कुठला म्हणू?" तिनं विचारलं.

"कुठलाच नगं. घे."

तिला ते खरं वाटेना. ती आईकडं बघत राहिली. शेवटी हरणाबाईनंच पुढं होऊन आणा घेतला.