घोड्याच्या बदल्यात साक्ष

"तू नाही गं. तू मिशनची ना? तू दोर धर."

मी रिकिबीत पाय घातला होता. डावा. घोड्यावर डाव्या बाजूने चढतात, हे सकाळपासून रांगेत उभी राहून मी पाठ केलं होतं. शिबिराच्या मॅडमनी दंडाला धरून मला मागे ओढलं. पाय अडकलेला, त्यामुळे मी आपटले. वाळूतच आपटले म्हणा, लागलं काही नाही. पोरं हसली. आणि मी काय केलं? मीही हसले. दात काढून. फ्रॉक झटकला, दोर धरला, आणि माझ्या जागी बसवलेल्या मुंबईच्या मुलीचा घोडा ओढत चालू लागले. अशी मी शहाणी!

डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली ते ख्रिस्ती मुलांचं उन्हाळी शिबिर भरायचं. मुलं मुंबईची. गाणी, प्रार्थना, समुद्र आणि घोडे. आम्ही तलासरीकडच्या पाड्यावरचे वारली, आजोबांपासून ख्रिस्ती. मी मिशनच्या वसतिगृहात शिकत होते. त्या वर्षी तिथल्या दोन मुलींना शिबिराला आणलं. दुसरीला आल्या आल्या ताप भरला, तिला परत पाठवलं. उरले मी.

घोड्याचं वेड मला मावशीच्या भिंतीवरून लागलं. आमच्यात लग्नाला भिंतीवर चौक लिहितात, त्यात घोड्यावर नवरानवरी असतात. घोडा भिंतीवर. पाड्यावर कोणी खऱ्या घोड्याला हातसुद्धा लावलेला नाही. मी मात्र निघताना सगळ्यांना बजावून आले होते, "मी घोड्यावर बसून येणार." म्हशीवर बसून सरावही केला होता. म्हैस पाण्यात बसली, मीही बसले. एवढा माझा सराव.

शिबिरात मला नाव नव्हतं. "ए मिशन, पाणी आण." "ए मिशन, चेंडू दे." जेवायला बसले की बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी. मला वाटायचं, मला ऐसपैस बसता यावं म्हणून ठेवली आहे! खरंच वाटायचं. माणूस इतका बावळट असतो का? मी होते. पण झोपायची वेळ झाली की पोरी एकमेकींच्या अंथरुणात शिरून खुसखुसायच्या, तेव्हा दाराजवळच्या चटईवर पडल्या पडल्या कळायचं. दिवसभर एक अक्षर न बोलता राहता येतं, हे मी तिथे शिकले. मग घोड्याशी बोलू लागले. तोही मान फिरवायचा.

एका दुपारी मॅडमनी मला हाक मारली. पहिल्यांदाच गोड आवाजात.

"शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आईवडील येणार. तू साक्ष द्यायची. नीट दिलीस तर तुला घोड्यावर बसवू. लांब, पार खाडीपर्यंत नेऊ."

साक्ष! हा शब्द मला एकाच ठिकाणचा माहीत होता. शेजाऱ्याच्या बांधाच्या भांडणात माझ्या बापाने डहाणूच्या कोर्टात साक्ष दिली होती. घरी येऊन त्याने हात वर करून आम्हाला दाखवलं होतं, शपथ कशी घेतात ते. "साक्षीला उभं राहिलं का पाहिलं तेवढंच बोलायचं," म्हणाला होता. "खोटं बोललं तर आत टाकतात."

देवाने आपल्याला कसं तारलं हे चारचौघांत सांगणं, यालाही साक्ष म्हणतात, हे मला कोण सांगणार?

मॅडम एक एक वाक्य म्हणायच्या, मी मागून म्हणायचं. "आम्ही अंधारात होतो." आम्ही अंधारात होतो. "आम्ही भिंतीवरच्या चित्रांची पूजा करत होतो." करत होतो. "माझे वडील दारू पिऊन आईला मारत." इथे माझी गाडी अडली.

"माझा बाबा दारू पीत नाय."

"अगं, साक्षीत असंच म्हणतात. लोकांना कळायला नको का, देवाने काय केलं?"

मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. घोडा दिसत होता मला. खाडी दिसत होती. दोन दिवस ते वाक्य घोकलं आणि प्रत्येक वेळी बापाचा चेहरा समोर आला की डोळे मिटून घेतले.

शेवटच्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळे मांडवात जमले. मुंबईचे आईबाप खुर्च्यांवर. आणि मागे, मांडवाच्या बाहेर, सुरूच्या बुंध्याला टेकून माझा बाप. मला न्यायला आलेला. धुतलेला सदरा, हातात टोपी. त्याला कोणी आत ये म्हटलं नव्हतं. मला पुढे उभी केलेली बघून तो असा खूश झाला की चवड्यांवर उभा राहिला.

मॅडम शेजारून कुजबुजल्या, "आम्ही अंधारात..."

मी उजवा हात वर केला. कोर्टातल्यासारखा. खुर्च्यांमध्ये हशा पिकला.

"आम्ही अंधारात नाय," मी म्हणाले. "आमच्याकडे कंदील हाय." आणखी हशा. मग मी ओरडलेच. "माझा बाबा दारू पीत नाय! आईला मारत नाय! मी कधी पाहिलं नाय!"

हसू थांबलं. मॅडमनी खांदा दाबला. "बस खाली. बस म्हणते ना!"

मी बसले नाही. बसायचं होतं, पण गुडघे वाकेनात. मीच उभी होते तेवढी. आता इतकी वर्षं झाली, मी त्या पोरीच्या फ्रॉकला हसते, तिच्या म्हशीला हसते. तिच्या त्या न वाकलेल्या गुडघ्यांना मला हसता येत नाही.

मला वाटलं, बाप येऊन मला उचलून घेईल. तो आला. टोपी छातीशी धरून मॅडमपुढे वाकला.

"पोर लहान हाय, बाई. चुकली. माफ करा."

एवढंच बोलला.

तलासरीच्या एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत बसला, मी त्याच्याकडे. ज्याच्यासाठी मी घोडा सोडला, त्यानेच माझ्या वतीने माफी मागितली. इतकी एकटी मी त्या शिबिरातही नव्हते. जूनमध्ये वसतिगृहाने मला परत घेतलं नाही, ते त्या मानाने काहीच नाही. बापाचा राग मी पुष्कळ वर्षं धरला. मग कळलं, वाकायचं त्याला कोणीतरी शिकवलं होतं, मॅडमनी मला वाक्यं शिकवली तसंच. घोकून घोकून.

चर्चला मी आजही जाते. देवाशी माझं भांडण नाही.

या मे महिन्यात माझ्या नातीला एका शिबिराचं बोलावणं आलं. फुकट जागा, घोडेस्वारी. फक्त एक व्हिडिओ पाठवायचा, मुलगी कसल्या परिस्थितीतून आली ते सांगणारा. माझी सून हुशार. घरात टाइल्स आहेत, फ्रिज आहे, पण तिने पोरीला नेऊन उभी केली गोठ्यापुढे. अंगात जुना फ्रॉक. पोर म्हणत होती, "आमच्या घरात खायला..."

मी मोबाइलच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"आजी, बाजूला हो ना! तू दिसतेस!"

"दिसू दे. दुपारी मासे कोणी संपवले?"

सून म्हणाली, "आई, सगळेच असं पाठवतात. तिला घोड्यावर बसायचंय. तुमचं काय जातं?"

"माझं जातं," मी म्हणाले. "तिच्या बापाचं जातं. ती पुढे ज्यांना जन्माला घालणार आहे, त्यांचंही जातं."

नात रडली. आजीने माझा घोडा घालवला, असं शेजारी सांगून आली. ती माझ्याशी बोलत नाही, सून ताट ठेवते आणि निघून जाते. ओटीवर मी एकटी जेवते.

जेवीन. तिला जायचं असेल तर ती नाव सांगून जाईल, गाव सांगून जाईल, पोट भरलेलं आहे असं सांगून जाईल. त्यावर घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर रडेल, मोठी होईल, मला शिव्या देईल. देऊ दे. माझ्या घरातलं माणूस कोणाला दया यावी म्हणून आपल्या माणसांना दारुडे, उपाशी, अडाणी म्हणणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही.