आईच्या हातचा तुकडा

बोनारियाला पहिल्या प्रकारचा मधुमेह झाला तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. तिची धाकटी बहीण राइमोंदा हिला तो सातव्या वर्षीच झाला होता. आमच्या सार्डिनियात या आजाराचं कुणाला नवल नाही; चार घरांआड एखादं पोर सुया टोचून घेत वाढतं. पण पोरांचा आजार बाईला या वयात व्हावा, याची गावाला जरा गंमत वाटली.

"लहानपणापासून बहिणीचं सगळं तिला हवं असायचं," शेजारची फ्रांचिस्का म्हणाली. "एवढंच राहिलं होतं."

वाईट बोलली, पण खोटं बोलली नाही. राइमोंदा आजारी पडली तेव्हा बोनारिया नऊ वर्षांची होती. राइमोंदा आईच्या पलंगावर गेली, बोनारिया एकटी खाटेवर राहिली. आई राइमोंदाची रोटी स्वतः मोडायची, तुकडा तळहातावर तोलायची. तराजूवर टाकला तर पाच ग्रॅमचा फरक निघायचा नाही. आपल्यालाही व्हावा म्हणून बोनारियाने एकदा अर्धा डबा साखर चोरून खाल्ली. पोट बिघडलं आणि थप्पड मिळाली.

आता झाला, तर सुरुवातीला डॉक्टरने वय बघून नुसत्या गोळ्या दिल्या. पाच महिन्यांत तिचे घागरे कमरेवर ठरेनात. शेवटी नुओरोच्या हॉस्पिटलात खरं काय ते कळलं आणि ती इन्सुलिनची पेनं घेऊन घरी आली. तिची आई बत्तिस्तिनामावशी, वय एकोणऐंशी, अंगणात शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "राइमोंदाला विचार. तिला सगळं येतं."

"शेंगासुद्धा खाली ठेवल्या नाहीत गं आईने," बोनारिया मला म्हणाली; आम्ही लहानपणापासूनच्या मैत्रिणी.

राइमोंदा शिकवायला आली.

"इतकं घट्ट नको धरूस, भाला नाहीये तो."

"मला शिकवू नकोस. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे."

"यात मी तुझ्याहून सदतीस वर्षांनी मोठी आहे. पोट पुढे कर."

त्या दोघी बहिणी आणि मी महिन्यातून दोनदा एकत्र कारासाऊ, म्हणजे आमची पापडासारखी पातळ रोटी, भाजतो. बोनारिया लाटते, मी भट्टीपाशी असते, आणि रोटी फुगली की राइमोंदा कड सुरीने कापून तिचे दोन पापुद्रे सुटे करते. मे महिन्यात एका लग्नासाठी पहाटेपासून भाजत होतो. दुपारी जेवायला बसलो. बोनारियाने आईच्या अगदी डोळ्यांसमोर पोटाला सुई टोचली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मावशींनी रोटी मोडली, तुकडा तोलला आणि राइमोंदाच्या ताटलीत ठेवला. तिला त्या नेहमी दोन तुकडे द्यायच्या, दुसरा चीज खाऊन झाल्यावर. मग मला वाइन ओतली आणि नवऱ्यामुलाच्या बापाने गाढव कसं विकलं ते सांगायला लागल्या. गोष्ट लांबली.

"खा की," राइमोंदा बोनारियाला म्हणाली.

"खाते."

भट्टीच्या खोलीत सगळ्यांनाच घाम असतो, म्हणून बोनारियाचा घाम माझ्या लक्षात आला नाही. राइमोंदाच्या आला; सुई घेऊन खाल्लं नाही की साखर उतरते, हे तिला पाठ होतं. तिने उठून ग्लासभर पाण्यात साखर ढवळली.

"पी."

"नको." बोनारियाची जीभ जड झाली होती. "तुझ्या हातचं नको."

"टोचून किती वेळ झाला?"

"अर्धा तास."

"मग खाल्लं का नाहीस?"

"आईने दिलं नाही."

सेहेचाळीस वर्षांची बाई असं म्हणाली आणि आम्ही कुणी हसलो नाही.

मावशी उठल्या. राइमोंदाच्या हातून ग्लास घेतला, बोनारियाची हनुवटी धरून घोट घोट पाजलं आणि सांडलेलं ॲप्रनने पुसलं. जरा वेळाने बोनारियाची नजर ठिकाणावर आली.

"मला तिच्याकडे का पाठवलंस?" तिने विचारलं.

"एकदा निभावलं. पुन्हा जमेल असं वाटलं नाही." मावशी तिच्या शेजारी बसल्या. "तिच्यासाठी मी रात्र रात्र श्वास ऐकत बसायचे. तुझ्या खाटेकडे मान वळवून बघितलं नाही. या घरात मला जी काही झोप लागायची, ती तू धडधाकट होतीस म्हणून. आता तीही झोप गेली."

मग त्यांनी रोटी मोडून तिला भरवली आणि जेवण संपेपर्यंत तिचं मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी रोट्या पोचवून परत येताना बोनारिया म्हणाली, "आईची झोप गेली म्हणाली, आणि मला बरं वाटलं. इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पापीच आहे मी."

"आहेस," मी म्हटलं.

थोडं चालल्यावर तिने विचारलं, "राइमोंदाचा चेहरा बघितलास?"

बघितला होता. चीज संपल्यावर राइमोंदा बराच वेळ आईकडे बघत थांबली होती. मग तिने स्वतःच्या हाताने रोटी मोडली आणि न तोलता खाल्ली.