किरण लागले त्याची गोष्ट

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मग सांगतो, माझी कशी फजिती झाली ते.

मी लेझरच्या प्रयोगशाळेत काम करतो. वायूच्या फवाऱ्यावर लेझरचा जबरदस्त झोत मारला, की त्याचा प्लाझ्मा होतो, आणि त्यात उठलेल्या लाटेवर बसून इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात. सोबत क्ष-किरणही निघतात. म्हणून आमच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले, ते तो टिपतो. अधूनमधून तपासणीला जातो आणि कोरा परत येतो.

दिवाळीत अमरावतीला घरी आलो होतो. गिला वडा दणकून हाणला, तोच सरांचा फोन.

"अरे, तुझ्या बिल्ल्यावर बरेच किरण आलेत! बाकीच्यांचे कोरे आहेत. मशीन बंद केलंय, भिंती तपासतोय. तू उभा कुठे होतास?"

मी तर कायम जाड भिंतीमागे. म्हणजे किरण भिंत फोडून नेमके मलाच शोधत आले?

पोटात ढवळायला लागलं. लक्षण हेच ना! (गिला वड्याची आठवण कोणाला?) कंगव्यात केस दिसले. ते उजेडात धरले आणि रडलो. खरंच रडलो हो!

आई धावत आली. "कावून रडून राह्यला रे?"

"आई, मले किरण लागले!"

"कोन किरण? कोनाची पोरगी व्हय?"

खरं कळल्यावर तीही रडायला बसली. तिनं अकोल्याला फोन लावला. जुन्या शहरातली आमची काकू पहिल्या बसनं हजर! मी पांघरुणात, मनातल्या मनात मृत्युपत्र करत होतो.

"भेऊ नोको, पोट्ट्या," काकू उशाशी बसली. "मागच्या सुट्टीत माया हात मोडला, तवा तूच मले धीर देल्ला ना? फोटोवाला म्हने, भाहीर थांबा. तू म्हने, मी किरनायचाच मानूस व्हय, मले काई होत नाई! मी सारकी हालून राह्यली, तं पुन्ना पुन्ना फोटो काढा लागला. तरी तू मले धरूनच उभा. मले तं तुया सदऱ्यावरचा बिल्ला गालाले टोचून राह्यला होता!"

मी ताडकन उठून बसलो. बिल्ला! प्रयोगशाळेतच काढून ठेवायचा असतो तो. मी तसाच लावून अकोल्याला गेलो होतो!

मरणाची भीती गेली. आता सरांची भीती! फोन लावला, सगळं सांगितलं.

"परत ये," सर म्हणाले. "नव्या मुलांना सुरक्षेचे नियम शिकवायचेत."

"मी शिकवू, सर?"

"छे! शिकवीन मी. तू नुसता समोर उभा राहा."